औषध नाल्यात, ऊन वाया!

बुलढाणा जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

दिवसभर कापूस वेचून आलेली माय रात्री गुडघ्याला डायक्लोफेनॅकची ट्यूब चोळते. त्यातले थोडेच औषध कातडीत मुरते. उरलेले सकाळी अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत, तिथून नालीत आणि पुढे नदीत जाते. गिळलेल्या गोळीचाही काही अंश लघवीवाटे त्याच वाटेने जातो. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. आपण तिच्यात सोडू ते मेहकरच्या पुढेही वाहत जाणार!

याच डायक्लोफेनॅकने मेलेल्या गुरांच्या मांसातून देशातली गिधाडे जवळजवळ संपवली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातसुद्धा लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आढळल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. पाण्यातल्या अशा प्रतिजैविकांना जंतू सरावतात आणि मग आपल्या लेकरांना तेच औषध लागू पडत नाही. तरीही कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर 2020 च्या मसुद्यात घातलेल्या मर्यादा केंद्र सरकारने 2021 च्या अंतिम नियमांतून वगळल्या. हा निर्णय चुकीचा आहे!

नेहमीची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे औषधे काढण्यासाठी बांधलेलीच नसतात. उपाय मात्र आपल्या डोक्यावर तळपतो आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी बारीक करून काचेवर पक्की बसवायची. तिच्यावर ऊन पडले की पाणी आणि प्राणवायूपासून अतिशय तीव्र घटक तयार होतात आणि ते औषधाचे रेणू तोडतात. उजेड पडल्यावर हा पदार्थ काय करू शकतो, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्येच दाखवले.

याच्या मर्यादाही आहेत. ही भुकटी उन्हातल्या फक्त अतिनील किरणांवर चालते आणि ते उन्हाचा जेमतेम विसावा भाग. गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही. रेणू अर्धवट तुटला तर उरलेला तुकडाही घातक ठरू शकतो. म्हणून आधी पाणी गाळले पाहिजे आणि शेवटी तपासले पाहिजे. साध्या उजेडावर चालणाऱ्या नव्या पदार्थांवर जगभर काम सुरू आहे. मग वऱ्हाडच्या उन्हात हा प्रयोग का होऊ नये?

आमच्या मागण्या:

1. दवाखाने आणि नगरपालिका यांच्या सांडपाण्यातील औषधे मोजा, आकडे जाहीर करा.
2. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांना सोबत घेऊन एका दवाखान्याच्या सांडपाण्यावर उन्हाचा प्रकल्प उभारा.
3. वगळलेल्या मर्यादा परत आणा.
4. मुदत संपलेल्या गोळ्या परत घेणारी पेटी प्रत्येक मेडिकलवर ठेवा.

तोवर आपणही एक नेम पाळू या: उरलेले औषध मोरीत ओतायचे नाही.

हे पत्रक वाचून शेजाऱ्याला द्या. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा: आमच्या पाण्यातले औषध आजवर कोणी मोजले?