गर्भाची इजा आणि दोषाचा धनी

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्माला आले की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारला जातो : ग्रहण पाळले नव्हते का? विळी हाती घेतली होती का, काही चिरले होते का? ही केवळ अंधश्रद्धा आहे असे म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. परंतु त्याच्या मुळाशी न्यायविषयक गृहीतक आहे. गर्भाला इजा झाली असेल तर ती आईच्याच हातून, हे ते गृहीतक. ग्रहण न मानणारी माणसेही ते सहसा टाकत नाहीत. विळीच्या जागी आहार, नोकरी, चिंता असे शब्द येतात इतकेच.

हे गृहीतक किती तोकडे आहे ते थॅलिडोमाइडच्या इतिहासावरून कळते. ग्रुनेंथाल या पश्चिम जर्मन कंपनीने १९५७ साली हे औषध ‘काँटरगान’ या नावाने बाजारात आणले. झोपेसाठी अत्यंत निर्धोक अशी त्याची जाहिरात झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळे आणि गरोदर स्त्रिया ते मळमळीवरही घेत. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते जर्मनीत मागे घेतले गेले. या औषधाने जगभरात सुमारे १०,००० मुले हातापायांच्या व इतर अवयवांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली असे मानले जाते. गोळी आईनेच गिळली होती, हे खरे. पण ती निर्धोक असल्याचा शब्द दुसऱ्याने दिला होता. कृती आईची, म्हणून दोषही आईचा, हा हिशेब इथे कोसळतो.

१९६८ साली आल्सडॉर्फ येथे कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. गर्भ ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच नाही, मग इजा झाली ती कोणाला, असा बचाव तेथे घेण्यात आला. कंपनीने १० कोटी मार्क देण्याची तडजोड केल्यावर डिसेंबर १९७० मध्ये खटला थांबवला गेला; शिक्षा कोणालाही झाली नाही. कंपनीच्या तोंडून क्षमायाचनेचा शब्द निघाला तो २०१२ साली.

तो बचाव निर्दय खरा, पण त्याला उत्तर देणे भाग आहे. समजा, एखाद्याने आज भर रस्त्यात खड्डा खणून तो उघडा ठेवला, आणि पुढल्या वर्षी जन्मलेले मूल चालू लागल्यावर त्यात पडले. ‘मी खणले तेव्हा हे मूल नव्हतेच’ असे म्हणून त्याला सुटता येईल काय? कृती आधीची असली तरी वेदना भोगणारा माणूस आज समोर उभा आहे, आणि दाद त्याला मागायची आहे. असे मानले की गर्भ व्यक्ती आहे की नाही हा वाद मिटवण्याची गरज उरत नाही, आणि स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्कालाही धक्का लागत नाही.

ब्रिटनने १९७६ साली केलेला कायदा याच वाटेने जातो. जिवंत जन्मलेल्या अपंग मुलाला जन्मापूर्वीच्या इजेबद्दल भरपाई मागता येते; मात्र आईविरुद्ध नाही. अपवाद एकच : आईने वाहन निष्काळजीपणे चालवले असेल तर, कारण तेथे भरपाईचा भार सक्तीच्या विम्यावर पडतो. आईला नैतिक कर्तव्य नाही असा याचा अर्थ नव्हे. पण तिच्या प्रत्येक घासावर कायद्याचा पहारा बसवला तर ती डॉक्टरपासूनच लपू लागेल, आणि त्यात मुलाचेच नुकसान आहे.

आपल्याकडे काय आहे? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मालक मृत्युपत्राशिवाय मरताना गर्भात असलेल्या आणि पुढे जिवंत जन्मलेल्या मुलाला वारसाहक्क दिला आहे. त्याच्या वाट्याच्या शेताची कायदा काळजी घेतो. त्याच्या देहाचे काय? १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ साली जी तडजोड झाली तीत वायुबाधित मातांच्या, पुढे जन्मणाऱ्या मुलांचा विचारच नव्हता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव ओळखली आणि अशा मुलांसह किमान १ लाख लोकांना वैद्यकीय विम्याचे संरक्षण देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०२३ साली त्याच न्यायालयाला नोंदवावे लागले की असा विमा काढलाच गेला नाही, आणि ही सरकारची घोर हेळसांड आहे. कंपनीने द्यायचे ते सरकारवर आले, सरकारने द्यायचे ते कागदावर राहिले. व्यंग घेऊन आलेले मूल मात्र कोणत्या तरी आईच्या मांडीवरच वाढले.

जबाबदारी ज्याच्याकडे ज्ञान, लाभ आणि टाळण्याची शक्ती होती त्याची, हे तत्त्व मांडायला सोपे आहे. ते आचरणात येत नाही, कारण कंपनी दूर असते, सरकार अवाढव्य असते, आणि आई हाताशी सापडते. ग्रहणातल्या विळीची चौकशी आपण इतक्या हिरीरीने करतो, त्यामागे हीच सोय आहे.