वाचकांच्या पैशांवर चाललेली लेखणी

साप्ताहिकाच्या अंकासाठी वाचक जी किंमत मोजतो, तीत कागद आणि छपाई यांचा खर्चही बहुधा निघत नाही. उरलेला भार जाहिराती उचलतात. साबण, साड्या, चहा, विम्याच्या योजना यांच्या जाहिराती पानोपानी असतात म्हणूनच अंक सामान्य घराला परवडतो. यात गैर काही नाही. परंतु टीका करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यापुढे मात्र एक पेच उभा राहतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, असे आपल्याकडे म्हणतात. मग टीकाकाराने पोळी कोणाची खावी?

बंगळूरमधील इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले, 'फक्त वाचकाची.' नोकरी सोडून त्याने जुलै १९८० मध्ये स्वतःच्या नावाचे कन्नड साप्ताहिक काढले आणि त्यात एकही जाहिरात न घेण्याचा नेम केला. अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, त्याने तो पाळला. त्याचे नाव पी. लंकेश, आणि साप्ताहिकाचे नाव 'लंकेश पत्रिके'.

गिरीश कर्नाड, यू. आर. अनंतमूर्ती ही कन्नड नावे मराठी घरांत परिचयाची आहेत. लंकेश त्याच पिढीतले, पण मराठी वाचकाला ते फारसे ठाऊक नाहीत.

शेतकऱ्याचा मुलगा, इंग्रजीचा प्राध्यापक

लंकेश यांचा जन्म ८ मार्च १९३५ रोजी शिवमोगा जिल्ह्यातील कोनगवळ्ळी या लहानशा गावी शेतकरी कुटुंबात झाला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून त्यांनी इंग्रजीची पदवी घेतली आणि म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून एम. ए. केले. पुढे इंग्रजी शिकवणे हाच त्यांचा पेशा झाला. वर्गात इंग्रजी आणि घरी येऊन लिहायचे ते मात्र कन्नडमध्ये, असा त्यांचा क्रम होता.

तो काळ कन्नडमधील 'नव्य' साहित्याचा होता. मराठीत नवकवितेने आणि नवकथेने जी खळबळ माजवली, तशीच ती तिकडेही माजली होती. लंकेश यांनी कथा, कविता, कादंबऱ्या, नाटके आणि समीक्षा असे सर्व काही लिहिले. १९७० मध्ये त्यांनी नव्या कन्नड कवितेचा 'अक्षर होस काव्य' हा संग्रह संपादित केला. बॉदलेअर या फ्रेंच कवीच्या कविता आणि सोफोक्लीसची ग्रीक नाटके त्यांनी कन्नडमध्ये आणली.

समीक्षक म्हणून त्यांची कसोटी एकच होती. लिहिणाऱ्याने ते जगून लिहिले आहे, की चांगले दिसते म्हणून लिहिले आहे? ही कसोटी त्यांनी प्रथम स्वतःला लावली. आईवर लिहिलेली त्यांची 'अव्व' ही कविता कन्नडमध्ये अतिशय गाजली. आईवरच्या कवितेत सहसा सती-सावित्रीच्या उपमा येतात. लंकेश यांनी त्या साफ नाकारल्या आणि शेतात राबणारी, रागावणारी, कष्टाने पिचलेली जी बाई प्रत्यक्ष डोळ्यांपुढे होती, तिलाच कवितेत आणले. वाचकांना ती अधिक आपली वाटली.

चित्रपटाकडेही ते वळले. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरील 'संस्कार' (१९७०) या चित्रपटात नारणप्पाची भूमिका त्यांनी केली. नंतर 'बिरुकु' (म्हणजे 'भेग') या स्वतःच्याच कादंबरीवर त्यांनी 'पल्लवी' (१९७६) हा चित्रपट काढला. त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे वाचताना मराठी माणसाला आचार्य अत्रे आठवल्यावाचून राहणार नाहीत. शिक्षक, कवी, नाटककार, राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा चित्रपट काढणारे दिग्दर्शक आणि शेवटी सत्तेला न जुमानणारे संपादक, हा सारा प्रवास अत्रे यांनीही केला होता. फरक स्वभावाचा. अत्र्यांची सभा हशांनी दुमदुमायची. लंकेश यांचे वाक्य मात्र लहान, कोरडे आणि धारदार असे.

टीके-टिप्पणी

बंगळूरच्या बसवनगुडी भागात गांधी बाजार आहे. फुलांची दुकाने, जुनी उपाहारगृहे आणि साहित्यिकांची ऊठबस यांसाठी हा भाग प्रसिद्ध. लंकेश यांच्या साप्ताहिकाचा संसार याच परिसरात थाटला गेला. साध्या वर्तमानपत्री कागदावर छापलेल्या या अंकात राजकारण होते, गावोगावच्या बातम्या होत्या, चित्रपट होते, कथा-कविताही होत्या.

त्यातील संपादकांच्या सदराचे नाव होते 'टीके-टिप्पणी'. मराठी वाचकाला याचा अर्थ सांगायची गरजच नाही. एखाद्या आठवड्यात मुख्यमंत्र्यांची खबर घेतली जाई, दुसऱ्या आठवड्यात एखाद्या नव्या पुस्तकाची, तर कधी परदेशातल्या लेखकाची ओळख करून दिली जाई. पुस्तकाला लावायची ती कसोटी लंकेश यांनी आता साऱ्या सार्वजनिक जीवनाला लावली. मंत्र्याचे भाषण ते पडेल कवितेसारखे वाचत आणि त्यातला नेमका खोटा शब्द वाचकापुढे ठेवत. या सदरातील लेखांची पुढे पुस्तके झाली आणि कन्नड गद्याचा नमुना म्हणून ती आजही वाचली जातात. याशिवाय 'नीलू' या नावाने येणाऱ्या चार-सहा ओळींच्या खोडकर कविताही त्यांच्याच. एका मनमोकळ्या स्त्रीच्या तोंडून बोलणाऱ्या या कविता अनेक वाचक आधी शोधत.

साहित्याचा टीकाकार साप्ताहिकातून घराघरांत पोचण्याची परंपरा दक्षिणेत इतरत्रही दिसते. केरळात प्राध्यापक एम. कृष्णन नायर यांनी 'साहित्य वारफलम्' म्हणजे साहित्याचे साप्ताहिक भविष्य या गमतीदार नावाचे सदर १९६९ पासून तीन तपांहून अधिक काळ चालवले. मार्केझपासून गल्लीतल्या नवकवीपर्यंत सर्वांची तीत हजेरी घेतली जाई. नायर पुस्तकांपाशी थांबले. लंकेश मात्र पुस्तकांतून उठून रस्त्यावर आले.

वेळही तशीच होती. १९८० मध्ये कर्नाटकात आर. गुंडूराव मुख्यमंत्री होते. साप्ताहिक सुरू झाले त्याच महिन्यात नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी आंदोलन पेटले आणि गोळीबार झाला. १९८२ मध्ये कन्नड भाषेसाठी गोकाक चळवळ उसळली. लंकेश दर आठवड्याला सरकारवर तुटून पडत होते. जानेवारी १९८३ मध्ये सत्ता पालटली आणि रामकृष्ण हेगडे यांचे राज्यातील पहिले बिगर-काँग्रेस सरकार आले. याचे श्रेय एकट्या साप्ताहिकाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण लोकांचा राग शब्दांत मांडण्याचे काम त्याने केले, हे त्यांचे विरोधकही मानतात. विशेष म्हणजे नव्या सरकारलाही सवलत मिळाली नाही. कालपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांवर आज चरफडण्याची पाळी आली.

साड्यांचे दुकान

जाहिरातीविना साप्ताहिक ही कल्पना ऐकायला सुरेख वाटते. पण लेखकाच्या घरीही महिन्याच्या एक तारखेला वाणी येतोच. प्राध्यापकाचा ठरावीक पगार सोडून लेखन, चित्रपट आणि नियतकालिक यांच्या मागे लागलेल्या माणसाचा संसार कसा चालत असेल?

त्याचे उत्तर त्यांच्या पत्नी इंदिरा लंकेश यांच्याकडे होते. त्या साड्यांचे दुकान चालवत. तीन मुलांचे संगोपन आणि घरखर्च यांचा मोठा भार त्या दुकानाने पेलला. लंकेश यांनी 'हुळि माविन मर' म्हणजे 'आंबट आंब्याचे झाड' या नावाने आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर इंदिराबाईंनीही आठवणी लिहिल्या आणि पुस्तकाला नाव दिले 'हुळि मावु मत्तु नानु', म्हणजे 'आंबट आंबा आणि मी'. पतीची बाजू वाचलेल्या कन्नड वाचकापुढे संसाराची दुसरी बाजूही आली. निर्भीड लेखणीचे कौतुक करताना त्या लेखणीमागे उभ्या असलेल्या दुकानाच्या गल्ल्याची आठवण क्वचितच कोणी ठेवते.

ज्यांना कोणी विचारले नव्हते

टीकाकार म्हणजे पाडापाडी करणारा, असा समज असतो. लंकेश यांचे मोठे काम मात्र पाडण्याचे नसून नव्या माणसांना जागा करून देण्याचे होते.

१९८१ मध्ये मंगळूरला राहणाऱ्या सारा अबूबकर यांचे लेखन 'लंकेश पत्रिके'त प्रथम छापून आले. मूळच्या कासरगोडच्या, चाळिशी उलटलेल्या आणि चार भिंतींत संसार केलेल्या या बाईंना साहित्याच्या जगात तोवर कोणी ओळखत नव्हते. पुढे त्यांची 'चंद्रगिरिय तीरदल्ली' ही कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः आली. पतीच्या इच्छेविना, बापाच्या हट्टाने तलाक झालेल्या नादिरा या तरुणीची ही कहाणी. कन्नडमध्ये मुस्लिम घराच्या आतून, तेही बाईच्या आवाजात, असे बोलणे वाचकांना नवे होते.

हासनच्या बानू मुश्ताक याही त्याच सुमारास 'लंकेश पत्रिके'च्या वार्ताहर झाल्या आणि जवळजवळ दहा वर्षे त्यांनी हे काम केले. पुढे त्या वकील झाल्या आणि कथा लिहीत राहिल्या. मे २०२५ मध्ये त्यांच्या कथांच्या 'हार्ट लँप' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. दीपा भास्ती यांनी केलेला हा अनुवाद, आणि कन्नड साहित्याला लाभलेला हा पहिलाच असा मान.

यांत काही योगायोग नव्हता. साप्ताहिक वाचकांच्या पैशांवर चालत होते. गावोगावचा वाचक हाच मालक असल्यामुळे त्या वाचकाने लिहिलेले छापण्यासाठी दुसऱ्या कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

दोष होतेच

लंकेश यांच्या लेखणीत दोषही होते. पुढाऱ्यांना टोपणनावे ठेवण्याची त्यांना हौस होती आणि उपहास कधी कधी पातळी सोडी. राज्यात ठिकठिकाणी अब्रूनुकसानीचे खटले झाले. जुन्या मित्रांशी बिनसले. ऐंशीच्या दशकात 'प्रगति रंग' नावाचा राजकीय मंच उभारण्याचा प्रयत्न त्यांनी केला, तो टिकला नाही. दुसऱ्याच्या भाषणातला खोटा शब्द पकडणे एक, आणि लोकांना संघटित करणे दुसरे, हे त्यातून दिसून आले.

साहित्याकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली नाही. 'कल्लु करगुव समय' म्हणजे 'दगड वितळण्याची वेळ' या कथासंग्रहाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच सुमाराचे त्यांचे नाटक 'गुणमुख'. दिल्ली लुटणारा नादिरशहा आजारी पडतो. सारे दरबारी त्याला बरे वाटेल तेच बोलतात. अलावी खान नावाचा एक हकीम मात्र त्याच्या तोंडावर सत्य सांगतो, आणि तेच औषध ठरते. 'गुणमुख' म्हणजे गुण येऊ लागलेला, बरा होऊ लागलेला. लंकेश यांच्या दृष्टीने टीकाकाराचे काम काय, हे या नाटकाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही.

२५ जानेवारी २००० रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बंगळूरमध्ये लंकेश यांचे निधन झाले. इंग्रजी पत्रकारितेत असलेली मोठी मुलगी गौरी दिल्ली सोडून परतली आणि संपादकाच्या खुर्चीवर बसली. २००५ मध्ये भावाशी मतभेद झाल्यावर तिने स्वतःचे साप्ताहिक काढले, तेही जाहिरातीविना. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बंगळूरमधील राहत्या घराच्या दारात गौरी लंकेश यांची गोळ्या घालून हत्या झाली. वडिलांनी खटले सोसले, मुलीने प्राण गमावले.

असे साप्ताहिक काढणे सर्वांनाच जमणार नाही, आणि प्रत्येक नियतकालिकाने जाहिराती सोडाव्यात असेही नाही. पण लंकेश यांचा वीस वर्षांचा हिशेब एक गोष्ट सांगतो. दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन, खिशातली नाणी मोजून अंक घेणारे हजारो अनोळखी वाचक होते, म्हणूनच त्यांना कोणापुढे मान तुकवावी लागली नाही. सारा अबूबकर यांची पहिली ओळ छापली गेली, तिच्या शाईचा पैसा याच वाचकांनी दिला होता.