आकडीच्या मुलांना शुद्ध कॅनाबिडिऑल मिळावे : पालक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या मुलांना ड्राव्हे किंवा लेनॉक्स-गॅस्टो हे अपस्माराचे हट्टी प्रकार आहेत. तीन-तीन औषधे चालू असूनही झटके थांबत नाहीत. आमच्या घरोघरी एक वही असते : तारीख, वेळ, झटका किती मिनिटे टिकला, तो थांबवण्यासाठी नाकात औषधाचा स्प्रे मारावा लागला का.

गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या घटकाची चाचणी ड्राव्हेच्या १२० मुला-तरुणांवर झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांच्या महिन्याच्या झटक्यांची मध्यगा १२.४ वरून ५.९ वर आली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस, घेणाऱ्यांची १४.९ वरून १४.१ वर. पुढच्याच वर्षी अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली. चाचणीत झटके पूर्ण थांबले ते मात्र शंभरात पाचांचेच. जुलाब, गुंगी, यकृताच्या तपासणीतले बिघाड हेही दिसले. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे दुसरे औषध चालू असेल तर यकृताला धोका अधिक. हे सारे समजून उमजून आम्ही हे औषध मागतो आहोत.

एवढ्या पुराव्यावरून गांजा सर्व रोगांवर चालतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जुनाट दुखण्यावर तज्ज्ञांचेच एकमत नाही : अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१७ मध्ये पुरावा भरीव मानला, तर वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पाठिंबा नाकारला. कोवळ्या वयात नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, पोटात गेला तर मनोविकाराचा धोका वाढतो. आमची मुले त्याच वयाची आहेत.

म्हणूनच बाजारातल्या गांजाच्या तेलांची आम्हाला धास्ती वाटते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, त्यामुळे 'विजया'च्या, म्हणजे याच झाडाच्या, पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर विकला जातो. पानांतही टीएचसी असते. आमच्याकडे आलेल्या काही बाटल्यांवर अर्क किती ते छापले होते, कॅनाबिडिऑल किती ते नव्हते. चाचणीतली मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम. मग आईने थेंब मोजायचे कशाच्या आधारावर?

आमच्या मागण्या :

१. शुद्ध कॅनाबिडिऑल शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालमेंदूविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मोफत मिळावे. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने यकृताची तपासणी तिथेच व्हावी. झटक्यांची नोंद रुग्णालयाने ठेवावी आणि गुण येत नसेल तर औषध बंद करावे.

२. विजया अर्काच्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी आणि कॅनाबिडिऑल व टीएचसीचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापणे सक्तीचे करावे.

३. अपस्मार किंवा कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मनाई करतो. त्याची अंमलबजावणी करावी. अशा जाहिरातींवर विसंबून पालक चालू गोळ्या अचानक बंद करतात आणि मूल न थांबणाऱ्या आकडीत सापडते.

पहिल्या मागणीसाठी बालमेंदूविकारतज्ज्ञ, अन्न व औषध प्रशासन आणि पालक यांची एकत्र बैठक आपण बोलवावी. आमच्या वह्या आम्ही सोबत आणू.

आपले,
अपस्मारग्रस्त मुलांचे पालक