पाठीवरचं पाणी

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, कॉलेजातले आम्ही दहाजण तोरणा-राजगड करतोय. ती नळीवाली सॅक घ्यायचीय. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, कुठली ते नंतर बघू, आधी सांग, ट्रेकला पाणी किती पितेस? तर म्हणते कशी, "कमीच पिते गं. जास्त प्यायलं की मध्येच जावं लागतं. मग आडोसा शोधा, सगळे थांबणार, नको वाटतं."

फोन ठेवला, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण वीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच करायचे. म्हणून आजचं पोस्ट. (ताई, तूही वाच. लेक तुझी आहे.)

तर झालं होतं असं. हीच वाट, तोरणा ते राजगड, मार्चमधली. बुधला माचीवरून उतरलं की दोन गडांना जोडणारी लांबच लांब धार लागते. सावली नावालाच. माझ्याकडे पाणी होतं की! लिटरच्या दोन बाटल्या. पण एक सॅकच्या तळाशी आणि दुसरी बाजूच्या खिशात, जिथे माझा हात पोचत नव्हता. प्यायचं म्हणजे थांबा, सॅक उतरवा, आणि तोवर पुढचे पुढे गेलेले. म्हटलं, पुढच्या थांब्यावर पिऊ. पुढच्या थांब्यावर म्हटलं, उगाच जास्त नको. संजीवनी माचीच्या खाली, अळू दरवाजा समोर दिसत असताना, दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की मी मटकन खालीच बसले. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. बरोबरच्यांनी सावलीला नेऊन मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, तासाभराने उभी राहिले. सॅक उघडली तर एक बाटली भरलेली. तशीच्या तशी!

पाणी जवळ असणं आणि पाणी पोटात जाणं यात केवढं अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं. नळीवाल्या सॅकचा खरा फायदा एवढाच, की ती हे अंतर कमी करते. खांद्याशी नळी असते, चालता चालता घोट घ्यायचा, कुणाला थांबवायचं नाही.

मी पहिल्यांदा ती आणली तेव्हा आई म्हणाली, "सलाईन लावून डोंगर चढणार का आता?" गंमत म्हणजे आईचा टोमणा अगदी नेमका होता! १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या भर उन्हातल्या शंभर मैलांच्या सायकल स्पर्धेत मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाने सलाईनच्या पिशवीत पाणी भरलं, ती लांब मोज्यात घालून पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. हा माणूस रुग्णवाहिकेवर काम करणारा, तेव्हा सलाईनच सुचणार. त्यातूनच पुढे 'कॅमलबॅक' जन्माला आली.

आता निवडायची कशी? दुकानात सॅक रिकामी असते आणि रिकामी सॅक कुणालाही आरामशीरच वाटते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटर पाणी, डबा, विंडचीटर, टॉर्च धरलं तर चार किलो सहज होतात. म्हणून घरून दोन भरलेल्या बाटल्या घेऊन जा, सॅकमध्ये टाका आणि वीस मिनिटं दुकानात हिंडा. जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार बघेल, बघू दे.

दुसरं, उंचीवर जाऊ नका, पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लावा. मी पाच फूट एक इंच. पुरुषांच्या मापाची सॅक माझ्या चक्क बुडावर आपटायची आणि कमरेचा पट्टा पोटावर यायचा. तो पट्टा कमरेच्या हाडावरच बसायला हवा. छातीचा पट्टा वरखाली सरकणारा हवा, आपल्याला तर हवाच हवा. पाठीला जाळी असेल तर घामाला वारा लागतो. एका दिवसासाठी पंधरा ते वीस लिटरची सॅक आणि दोन लिटरची पिशवी पुष्कळ. बारा कप्प्यांच्या मोहात पडू नका, कप्पे दिसले की आपण ते भरतोच.

पिशवी रुंद तोंडाची घ्या, आत हात गेला पाहिजे. आणि तिच्यात फक्त पाणी! मी एकदा लिंबू सरबत भरलं आणि आठवडाभर विसरले. उघडल्यावर आत काळी बुरशी. आता धुऊन झाली की आत छोटी रवी उभी करून उलटी टांगते. पिशवी मिटत नाही, छान वाळते. (आई: "ताक सोडून सगळ्याला वापरा ती रवी.") मीठ-साखरेचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दोषही सांगते. पाठीवर किती पाणी उरलंय ते दिसत नाही, एकदम नळी कोरडी लागते. म्हणून एक भरलेली बाटली वेगळी हवीच. आणि सकाळी सिंहगड करून परत येणाऱ्याला याची काही गरज नाही. एक बाटली हाताशी ठेवा, पैसे वाचवा.

पण भाचीबाई, तुझा खरा प्रश्न सॅकने सुटणार नाही. नळी तोंडाशी आली तरी तू घोट घेणार नाहीस, कारण तुला थांबायचीच लाज वाटते. ते ओझं कमरेच्या पट्ट्यावर उतरवता येत नाही. त्याला एकच उपाय. निघतानाच सगळ्यांना सांगायचं, की दर दीड-दोन तासांनी थांबायचं, मुलं पुढे जातील, मुली मागून येतील. एकदा बोललीस की बाकीच्या मुली सुटकेचा नि:श्वास टाकतील बघ. आमच्या ग्रुपात हे बोलायला मला अळू दरवाज्याखाली आडवं व्हावं लागलं होतं.

सॅक घ्यायला शनिवारी जाऊ. दोन बाटल्या भरून आण.