बार ५ तारखेला, वाचनालय १५ तारखेला

२०२० साली महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला उघडले, ग्रंथालयं १५ ऑक्टोबरला. दारूची दुकानं तर मे महिन्यातच सुरू झाली होती. दहा दिवसांचा फरक किरकोळ आहे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यामागच्या समजुतीशी: ग्रंथालय म्हणजे फावल्या वेळेची चैन आणि ग्रंथपाल म्हणजे कार्डावर शिक्का मारणारा माणूस.

मी नेरूळला राहतो. एप्रिल २०२१ मध्ये इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरच्या याद्या फिरत होत्या. वाशीला सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात मोठं कोविड केंद्र होतं, महापालिकेची वॉर रूम होती, तरी लोक फॉरवर्डच्या मागे धावत होते. दहा नंबर लावावेत, तर बरेचसे बंद, एखादा भलत्याच गावचा. मग काही पोरांनी गूगल शीट उघडली. नंबर कुणी तपासला, किती वाजता, बेड साधा की व्हेंटिलेटरचा, सगळे रकाने केले. ती पोरं तुमच्यातलीच असतील. तुम्ही जे केलंत त्याला जुनं नाव आहे: संदर्भसेवा. माहिती कुठून आली, कधीची आहे, कुणाच्या कामाची आहे, हे पाहून ती योग्य माणसाच्या हातात देणं. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हेच तर शिकवतात. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्या एप्रिलमध्ये वेळ ऑक्सिमीटरवरच्या आकड्यात मोजला जात होता.

म्हणजे हे काम शिकलेली माणसं आपल्याकडे होती. त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ते काम रात्री दोन वाजता कॉलेजच्या पोरांच्या गळ्यात पडलं.

‘गूगल आहे की!’ हो, आहे. गूगल नंबर देतो, तो कालपासून बंद आहे हे सांगतोच असं नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लसीसाठी ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती आणि कोविन पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत. धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी कुणाच्या दारात जायचं होतं? अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर लोक मदतीचे अर्ज भरायला वाचनालयांत रांगा लावत होते. पुढे २०११ मध्ये तिथल्या सरकारी आपत्ती यंत्रणेनं ग्रंथालयांना अत्यावश्यक सेवांत धरलं.

आपल्याकडे ग्रंथालय आणि आपत्ती हे शब्द एकत्र येतात ते भिजलेल्या पुस्तकांच्या फोटोखाली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ मध्ये त्यात पुराचं पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा. आपण हळहळतो, पुस्तकं पाठवतो (बऱ्याचदा घरातली रद्दीच) आणि विसरतो. तिथल्या कर्मचाऱ्यांना गाव घर न् घर माहीत असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता उन्हाचं घ्या. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात, नेरूळपासून तीन स्टेशनांवर, कार्यक्रमाला आलेली १४ माणसं उष्माघातानं गेली. वाचनालयानं ती वाचली असती असा दावा मी करत नाही. पण दुपारी एक वाजता रिक्षावाल्याला किंवा डिलिव्हरीवाल्या पोराला पंखा, पाणी आणि खुर्ची फुकट मिळेल अशी जागा सांगा बरं. मॉलचा वॉचमन त्याच्याकडे कसा बघतो ते तुम्हाला माहीत आहे.

फक्त एक धोका आहे. कोविडमध्ये शिक्षकांना सर्वेक्षणाला आणि नाक्यांवर जुंपलं, तसं ग्रंथपालांना जुंपायचं नाही. २०२२ पर्यंत ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार अनुदान होतं, म्हणजे महिन्याला अडीच हजार. पगार त्यातच, पुस्तकंही त्यातच. मग ६० टक्के वाढ झाली. हिशेब तुम्हीच करा. आधी पोटापुरता पगार आणि प्रशिक्षण, मग आराखड्यात नाव आणि नेमकं काम: खात्रीची माहिती, अर्जांना मदत, उन्हापावसात उघडं दार.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या आपत्कालीन नंबरांची यादी तुमच्या फोनवर येईल. अग्निशमन, रुग्णालयं, विभाग कार्यालयं. त्यात तुमच्या सेक्टरचं वाचनालय आहे का बघा. नसेल, तर विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.