मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं घर आजोबांनी भेंड्यात बांधलं. पांढऱ्या मातीत भाताचं पिंजर घालून ती कुजवायची, पायानं तुडवायची, मग साच्यात भेंडे पाडून उन्हात वाळवायचे. भिंत दीड हात जाड, खाली कंबरेइतकं दगडी जोतं, वर कौलं. दिवाळीआधी आजी सगळ्या भिंतींवर मातीचा पोतेरा फिरवायची. भेग दिसली की तिथंच बुजायची.

पुढं घर ‘पक्कं’ दिसावं म्हणून चुलत्यांनी दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. गल्लीत तेव्हा सगळेच करत होते.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या सोप्यात छातीइतकं पाणी चढलं. ओसरल्यावर आधी बसली ती सिमेंटवाली भिंत. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. गिलाव्यामागं नुसता चिखल झाला. परड्याकडच्या सारवलेल्या भिंती फुगल्या, पायाशी ढासळल्याही, पण वाऱ्याउन्हानं वाळल्या. त्या अजून उभ्या आहेत.

मातीचं घर पुरात पडतच नाही, असं कोण म्हणेल? त्याच पुरात घरं गेलेल्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांसमोर तर मुळीच म्हणू नये. पण दोष एकट्या मातीचा नाही, जागेचाही आहे. आमच्या घरापासून हाकेवर ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी ते खणलं, तेव्हा सातवाहनकाळची वस्ती निघाली. ती माणसं उंचावर बसली, आम्ही सखलात.

पुरानंतरच्या पंचनाम्यात मात्र सगळ्याला एकच शब्द : कच्चं. सरकारी घरकुल योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचं अनुदान ठरलं, ते नवं पक्कं घर बांधायला. उभी भिंत सावरणाऱ्यानं कुठं जायचं? मालीतल्या जेन्ने गावची मातीची मशीद जागतिक वारशात आहे, आणि गावकरी दरवर्षी मिळून तिला लिंपतात. तिला कच्ची म्हणून पाडायला कुणी निघालं नाही. आमच्याकडं गवंडी बोलावला, तर भिंतीला हात न लावताच म्हणाला, “पाडा की, आरसीसी करूया.”

पूरग्रस्तांच्या मदतीत दुरुस्तीचा वेगळा रकाना हवा. सिमेंट खरवडून काढणं, जोतं दगडात वर घेणं, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा, एवढं त्यात बसावं. आणि भेंडे पाडता येणारे जे म्हातारे गवंडी खेड्यांतून अजून आहेत, त्यांच्या हाताखाली पोरं ठेवून त्यांची मजुरीही त्यातच धरावी.