काठावर कोण उभं आहे

समुद्र बघायचा तर वर्धेकराने कुठल्याही दिशेने निघावं, एक रात्र गाडीत काढावीच लागते. त्यामुळे दादाला एलटीसीवर अंदमान मंजूर झालं तेव्हा वहिनी आणि भाच्यामागोमाग मीही निघाले. (माझं तिकीट माझ्याच पैशाचं होतं. दादाने ते आतापर्यंत तीनदा तरी सांगितलेलं आहे.)

सेल्युलर जेल झालं, पांढरी वाळू झाली, वाळूतले फोटो झाले. मग एका दिवशी बाराटांग. अंधारात उठून जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं, जारवांच्या राखीव जंगलातून ताफ्याने जायचं, मिडल स्ट्रेट ओलांडायचं आणि छोट्या बोटीत बसून चुनखडीच्या गुहांकडे निघायचं. शेवटच्या टप्प्यात खाडी अरुंद होत जाते, दोन्हीकडून खारफुटीची मुळं पाण्यावर वाकलेली असतात. मगरींपासून सावध राहा, असं जेट्टीवर लिहिलेलं होतंच. त्यामुळे मुळांतून काहीतरी काळं सरपटत पाण्यात उतरलं तेव्हा वहिनी ओरडली, "माय वो, मगर!" अन् सगळी बोट तिकडे कलली.

"मगर नाही, इग्वाना आहे तो!" भाच्याने जाहीर केलं.

नावाड्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "गोह है," म्हणाला.

ती पाणघोरपड होती. चांगली पाचेक फूट. पाण्यात शिरताना तिने चारही पाय अंगालगत असे मिटून घेतले, जणू तिला पाय नाहीतच. सगळं काम शेपटीचं. चपटी, उभ्या पट्टीसारखी शेपटी डावीकडे-उजवीकडे वळत होती आणि डोकं मात्र वर, अगदी स्थिर. पाणी कापत ती पलीकडच्या मुळांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

भाच्याची चूक मोठी नव्हती. 2016 साली बीबीसीच्या एका मालिकेत गालापागोस बेटांवरच्या इग्वानाचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू सापांच्या झुंडीतून निसटून पळताना दाखवलं होतं. तो व्हिडिओ त्याने इतक्या वेळा पाहिलाय की बेट दिसलं की त्याला इग्वाना दिसतो. पण आपल्याकडे रानात इग्वाना नाही. तो बहुतेक पालाच खाणारा. घोरपड अंडी, बेडूक, खेकडे, मेलेलं जनावर, जे मिळेल ते खाते, आणि सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेतला वास चाखते. पाणघोरपड अंदमानात, सुंदरबनात, ओडिशातल्या भितरकनिकात सापडते. वर्ध्यात असते ती आपली साधी घोरपड.

दादा म्हणाला, "पन घोरपड तर चढते. पोहते कधीपासून?"

मराठी माणसाचं हे असं आहे. आपल्या डोक्यातली घोरपड सिंहगडाच्या कड्यावर चिकटलेली. तानाजीची यशवंती पोवाड्यात आणि लोकांच्या तोंडी आहे, समकालीन कागदांत नाही, पण त्याने आपलं काही अडलेलं नाही. मुधोळकरांच्या घोरपडे आडनावामागेही किल्ला चढल्याचीच कथा सांगतात. कुणी पिच्छा सोडेना की आपण म्हणतो, घोरपडीसारखा चिकटला. भाषेत चढणं आहे, चिकटणं आहे. पोहणं कुठेच नाही.

आणि मी तर ते लहानपणीच पाहिलेलं होतं! मामाची शेती सेलू तालुक्यात. विहिरीच्या कपारीत पारव्यांची घरटी असायची, त्या अंड्यांच्या मागावर घोरपड उतरायची. एका मे महिन्यात एक आत पडली. विहीर नुकतीच सिमेंटच्या रिंगा टाकून बांधलेली, गुळगुळीत. कडा चढणारी म्हणून जिची ख्याती, तिची नखं त्या सिमेंटवर नुसती घसरत होती. मग ती पोहत राहिली. गोल, गोल. थकली की चारही पाय पसरून तरंगायची, आणि आम्ही पोरं काठावरून वाकलो की पुन्हा बुडी. सालदाराने पऱ्हाटीचा एक भारा दोराला बांधून आत सोडला. ती काही येईना. "सरा मांगं सारे," तो आमच्यावर खेकसला. आम्ही पार कडुनिंबाखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने भाऱ्यावरून एक लांबट डोकं वर आलं आणि धुऱ्याकडे धूम ठोकलेली शेपटी तेवढी दिसली.

इतकं सगळं पाहूनही बोटीत मी दादाच्या सुरात सूर मिसळला होता. डोळ्यांनी पाहिलेलं राहत नाही, पोवाडा राहतो.

परतल्यावर भाच्यासाठी म्हणून गालापागोसचं वाचत होते, तर डार्विन सापडला. 1835 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तो त्या बेटांवर होता. तिथला इग्वाना समुद्रात बुडी मारून खडकावरचं शेवाळ खातो, आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकरून टाकतो. असा पट्टीचा पोहणारा! तर डार्विनने एक पकडला आणि ओहोटीने मागे ठेवलेल्या खोल डबक्यात फेकला. तो पोहत सरळ डार्विन उभा होता तिथेच परत आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. कितीदा तरी. डार्विनने अंदाज बांधला तो असा, की जमिनीवर या प्राण्याला शत्रूच नाही, समुद्रात मात्र शार्क आहेत. तेव्हा काही झालं की काठ गाठायचा, एवढंच त्याच्या रक्तात आहे. काठावरच्या माणसानेच आपल्याला फेकलं, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

आपल्या घोरपडीच्या हिशेबात ते पक्कं बसलेलं आहे. तिचं मांस खातात, कंबरदुखीला तिची चरबी चोळतात, जुन्या खंजिऱ्यांना तिचंच कातडं मढवत. तिच्या नराचं जननेंद्रिय वाळवून 'हत्ताजोडी' नावाची भाग्यवान मुळी म्हणून विकतात, आणि घेणारे ती देव्हाऱ्यात ठेवतात. यावर मी काय बोलावं? वाघाला असलेलं पहिल्या अनुसूचीचं संरक्षण 1972 च्या कायद्याने तिलाही आहे, मारली तर तीन ते सात वर्षं कैद. पण वाघासाठी लोक जिप्सी बुक करतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बोर धरणावर गेलो. 1970 पासूनचं अभयारण्य, 2014 पासून व्याघ्रप्रकल्प, गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटर. एवढासाच, पण आम्ही वर्धेकर तो कौतुकाने सांगतो. हिंगणी ओलांडल्यापासून भाचा वाघाचंच बोलत होता. धरणाच्या दगडी उतारावर चार-पाच पोरं उभी होती आणि पाण्यात काहीतरी चाललं होतं. वर डोकं, मागे वळवळणारी रेघ.

"आत्या, इग्वा..." म्हणून तो थांबला. "घोरपड!"

पहिला दगड तिच्या अलीकडे पडला, दुसरा जवळ. वहिनी, जी बोटीत मगर म्हणून किंचाळली होती, ती तरातरा उतारावरून खाली गेली. "काहून गोटे मारता रे तिले? तुमच्या घरात शिरली काय?" पोरं ओशाळली, पण घोरपड तोवर बुडालेली. भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. सतरा मिनिटांपर्यंत ती पाण्याखाली राहू शकते, असं त्याने कुठे तरी वाचलं होतं आणि ते ताडून पाहायचं होतं. चार मिनिटं झाली. सात झाली. पोरं कंटाळून मोटरसायकलींकडे गेली.

"आपन हटल्याबिगर ते येत नाही आता," दादा म्हणाला. भुट्टेवाल्याकडे जाऊ म्हणून त्यानेच आम्हाला वर नेलं. भाचा मागे पाहत, घड्याळ हातात धरून चालला होता. भुट्टे भाजून, मीठ-तिखट लावून हातात येईपर्यंत सर येऊन गेली, आणि घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं.

परत खाली गेलो तेव्हा दगडी उतारावर पाण्यापासून झुडपापर्यंत चिखलाची एक नागमोडी रेघ होती, दोन्ही बाजूंना नखांचे ठसे. भाच्याने तिच्यालगत स्वतःची चप्पल ठेवून फोटो काढला. वहिनीने त्याला दोन पावलं मागे ओढलं.